किल्ली काढल्यावरही फिरणारा पंखा

४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

नऊ वर्षांत मी तुम्हाला जी पत्रं पाठवली ती सगळी "आम्ही ठीक, तुम्ही कसे" एवढ्यावरच संपली. आज काम आहे म्हणून लिहितेय. उगाच गोड बोलत नाही.

परवा सकाळी चहा घेता घेता बाबा एकदम म्हणाले, "गाडी सुरू होईल का गं?" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आई गेली त्या आठवड्यात त्यांनी गाडीवर खोळ घातली ती घातलीच. गाडीचा विषय निघाला की ते उठून आत जायचे. आणि तुमचा विषय निघाला की जेवणाचं ताट तसंच टाकून उठायचे. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की त्यांचं हृदय निम्म्यानंच काम करतंय. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, घरी येऊन गोळ्यांच्या प्रत्येक डबीवर चिठ्ठी चिकटवली, आणि पंधरा दिवसांनी हा प्रश्न विचारला. त्यांना एकदा गाडी चालवायची आहे. बस, एवढंच म्हणतात.

फिटर येऊन गेला. इंजिन चालतंय, रेडिएटर त्यानं धुऊन दिला. पण इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याच्या वायरी उंदरांनी कुरतडल्यात, आणि त्यांना हात लावायला तो तयार नाही. म्हणाला, "हे कुणीतरी स्वतःच्या डोक्यानं केलेलं काम आहे. ज्यानं केलं त्यालाच विचारा." ज्यानं केलं ते तुम्ही.

तेव्हा वायरिंग मी करणार, तुम्ही पत्रातून सांगायचं. वर्गात मुलांना वीजप्रवाह शिकवते आणि घरी साधा प्लग बसवायला माणूस बोलावते, ही माझी पत आता तुमच्या हातात आहे. मला दोन गोष्टी हव्यात. पंखा फिरायला हवा, आणि बाबा आहेत तोवर तुम्ही या घरात एकदा यायला हवं. पहिलं आधी करू.

तुमची,
खारूताई

(तुम्हीच ठेवलेलं नाव. फ्रॉकच्या खिशात तुमचे स्क्रू भरून पळायची म्हणून.)


११ फेब्रुवारी

खारूताई,

पत्र तीनदा वाचलं. कान गेल्यापासून मला पत्रं म्हणजे माणूस समोर बसून बोलल्यासारखी वाटतात. लोक समोर ओरडतात त्यापेक्षा बरी. अक्षर मात्र अजून कोंबडीनं पाय उमटवल्यासारखंच आहे तुझं.

गाड्यांचं काम मी त्याच वर्षी सोडलं. आता मिक्सर, इस्त्र्या, शिलाई मशीनच्या मोटारी. पण हात विसरत नाहीत. तर ऐक.

पहिलं म्हणजे बॅटरीची एक तार काढून ठेव. हे विसरलीस तर पुढचं वाचूच नकोस. मग रेडिएटरच्या बाजूला छोटी काळी डबी दिसेल, तिला रिले म्हणतात. पंखा खूप वीज खेचतो, तेवढी वीज साध्या बटणातून नेली तर बटण जळेल. म्हणून बारीक वीज रिलेला हुकूम देते, आणि रिले जाड वायरीतून पंख्याला वीज सोडतो. हुकूम कधी द्यायचा ते ठरवणारा स्विच रेडिएटरच्या अंगातच बसवलेला आहे. पाणी तापलं की तो चालू, निवलं की बंद. उंदरांनी खाल्लेल्या वायरी जशा होत्या तशाच नव्या घाल. जाडीत काटकसर करू नकोस. जोड पिळून, सोल्डर करून, वर नळी चढव. नुसती चिकटपट्टी गुंडाळलीस तर मला तिथून वास येईल. पंख्याची काळी वायर गाडीच्या पत्र्याला जिथे लावशील तिथला रंग खरवडून पत्रा चकचकीत कर.

फ्यूजची जुनी डबी बॅटरीपासून वीतभर अंतरावर आहे. ती काप आणि फेकून दे. उघडत बसू नकोस, जुनी झाली आहे. नवी घाल.

दुसऱ्या गोष्टीचं मनातून काढून टाक. मी येणार नाही. दवाखान्याच्या त्या लांब व्हरांड्यात, सगळ्यांसमोर भाऊजी म्हणाले होते, "तुझ्या पंख्यानं मारलं तिला." कान गेले, ते वाक्य गेलं नाही. त्यांच्यावर राग नाही माझा. खरंच नाही. मी हे काम सांगतोय हे त्यांना कळू देऊ नकोस, गाडीत बसणार नाहीत.

मामा


१९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

फिरला! तीन बोटं भाजली, नखाखाली काळं गेलंय, वर्गात मुली विचारतात बाई तुम्ही कोळसे विकता का, पण फिरला.

आता तक्रारी. एक, पंखा जोरात फिरतो तरी तापमानाचा काटा वर वर जातो. मी घाबरून इंजिन बंद केलं. दोन, किल्ली काढून हातात घेतली तरी पंखा फिरतच राहिला! मी बॉनेटसमोर किल्ली धरून येड्यासारखी उभी. काय चुकलं माझं? बाबा तेव्हा झोपले होते, नाहीतर त्यांना झटका आला असता. तुम्हाला माहीतच आहे, बॅटरी उतरेल या धसक्यानं ते गाडीतला दिवासुद्धा लावू द्यायचे नाहीत.

बाबांना मी सांगितलंय की फिटरच करतोय सगळं. ते ओसरीवर बसून ऐकतात. काल म्हणाले, "तुझी आई मागे बसायची, पुढे नाही. म्हणायची, पुढून तुमचं तोंड दिसतं." मग हसले. आई गेल्यावर तिच्याबद्दल बोलताना मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊन रडले मी, खोटं कशाला बोलू.

खारूताई


२५ फेब्रुवारी

खारूताई,

शाळेतल्या बाई, तुमचा पंखा उलटा फिरतोय. वारा आत ओढायच्या ऐवजी बाहेर ढकलतोय. रेडिएटरच्या जाळीसमोर वहीचं पान धर. पान जाळीला चिकटलं तर बरोबर, उडून तुझ्या तोंडावर आलं तर चूक. पंख्याच्या दोन वायरींची अदलाबदल कर, झालं.

किल्ली काढल्यावर फिरतो ते बरोबर आहे. मीच तसं केलंय. इंजिन बंद झालं की आतलं पाणी वाहायचं थांबतं, पण लोखंड तापलेलंच असतं. तेव्हाच जास्त उकळतं. म्हणून रिलेचा हुकूम किल्लीवरून न घेता सरळ बॅटरीवरून घेतला. पाणी निवलं की दोन-तीन मिनिटांत पंखा आपोआप थांबतो. बॅटरीला काही होत नाही.

भाऊजींना गाडी देशील तेव्हा हे आधी सांग. नक्की सांग. विसरू नकोस.

ताई मागे बसायची ते मला माहीत आहे. मी पुढे बसलो की मागून माझ्या डोक्यावर टपली मारायची.

मामा


२ मार्च

मामा,

घाईत लिहितेय, अक्षर लावून घ्या.

पान चिकटलं. काटा मधोमध राहिला. पण ते आता जाऊ दे.

तुम्ही फेकून दे म्हणालात ती फ्यूजची डबी मी फेकली नव्हती. मी काही फेकते का कधी? आज सहज उघडली. फ्यूज जळला असता तर आत काळा पडलेला फ्यूज असता, डबी वितळली असती. आतून ती नवी कोरी आहे. आणि रिकामी.

मग मी बाबांचा "गाडी – सुटे भाग" असं लिहिलेला पत्र्याचा डबा काढला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये पस्तीस वर्षं काढलेला माणूस, घरातला एक खिळासुद्धा पुडी बांधून, वर चिठ्ठी लावून ठेवतो, तुम्ही यावरून किती हसायचात. डब्याच्या तळाशी एक पुडी होती. आत फ्यूज. धडधाकट. पुडीवर बाबांचं अक्षर, जसंच्या तसं उतरवते (वायरमन म्हणजे तुम्ही, ते तुम्हाला तसंच म्हणायचे):

"पंख्याचा फ्यूज. गाडी बंद केल्यावरही पंखा फिरतो. बॅटरी उतरू नये म्हणून काढला. रविवारी वायरमन येईल तेव्हा विचारणे. गुरुवार."

आई गेली तो शनिवार होता, मामा.

दवाखान्यात नेताना पुलावर रांगेत गाडी अडकली, बॉनेटमधून वाफ आली, पंखा फिरला नाही, आई मागे छाती धरून बसली होती. पाऊण तास. आणि फ्यूज घरात डब्यात होता. दोन दिवसांपूर्वी त्यांनी स्वतः काढलेला, आणि त्या शनिवारनंतर ते हे पार विसरले. मी त्यांना ओळखते, ते खोटं बोलू शकत नाहीत. त्यांना आठवतच नाही.

तुमचा काही दोष नव्हता. कधीच नव्हता! नऊ वर्षं तुम्ही हातचं काम सोडून, घर सोडून बसलात, फुकट. मला इतका आनंद झालाय आणि इतकं वाईट वाटतंय की काय करू कळत नाही. बाबा उठले की मी त्यांना पुडी दाखवणार आहे. त्यांना कळायलाच हवं. मग ते स्वतः तुम्हाला बोलावतील.

खारूताई


६ मार्च

खारूताई,

दाखवली नसशील तर दाखवू नकोस. हे पत्र मिळेल त्या क्षणी ती पुडी चुलीत टाक.

मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुलावरून गाडी ओढून आणायला मीच गेलो होतो. काम माझं, मग आधी फ्यूज बघणार नाही का? डबी उघडली, रिकामी. तिथे कठड्याला टेकून बराच वेळ उभा राहिलो. फ्यूज आपण होऊन उडून जात नाही. घरात दुसरं कोण डबी उघडणार? मी डबी बंद केली आणि गाडी घरी आणून लावली.

मग मी विचार केला. त्यांची बायको गेली. माझी बहीण गेली. दोघांपैकी एकाला हे ओझं घ्यावंच लागणार होतं. माझ्याकडे शिव्या खायला जागा होती, त्यांच्याकडे नव्हती. तो माणूस हे कळल्यावर जगला नसता. मला दोष देऊन तो नऊ वर्षं जगला, तुझ्याजवळ राहिला, तुझ्या परीक्षेच्या वह्या तपासून दिल्या, चहा घेतला. मला हा सौदा महाग पडला नाही.

म्हणून म्हणालो होतो, डबी उघडू नकोस. मला तुझी सवय लक्षात ठेवायला हवी होती. चूक माझी.

दाखवली का ते लगेच कळव. फोन मला ऐकू येत नाही, पण शेजारच्या शिंप्याकडे कर, तो लिहून देईल.

मामा


१० मार्च, रविवार

प्रिय वायरमन,

नऊ वर्षांत हे पहिलं पत्र आहे. मला पत्र लिहिता येत नाही, चिठ्ठ्या लिहिता येतात. म्हणून क्रमवार लिहितो.

१. पुडी पाहिली. अक्षर माझं आहे.

२. मला आठवत नव्हतं. हे खरं आहे. पण विसरलो म्हणून सुटलो असं होत नाही. स्टोअरमध्ये कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला उभा केला नसता.

३. तुझं सहा तारखेचं पत्र पोरीच्या हातून मी ओढून घेऊन वाचलं. तिला बोलू नकोस. ती त्या दिवसापासून माझ्यासमोर मान वर करत नाही. आपण बापाला मारलं असं तिला वाटतं. मी तिला सांगितलं, मी अजून बसलोय ना इथे.

४. तू डबी बंद केलीस. माझा शब्द गिळलास. मी तुझ्या बहिणीच्या घराचं दार तुला बंद केलं आणि तू बाहेर उभा राहून मलाच सावली दिलीस. याला काय म्हणतात मला माहीत नाही. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. मला माफ कर.

५. ती पुलावर म्हणाली होती, "त्याला रागावू नका हां." मला वाटलं उशीर झाला म्हणून कुणाबद्दलतरी म्हणते आहे. तुझ्याबद्दल म्हणत होती. हे मी तुला नऊ वर्षं सांगितलं नाही.

६. एक कळत नाही. पंखा गाडी बंद झाल्यावर फिरतो हे तू मला का सांगितलं नाहीस? दोष देत नाही. फक्त विचारायचं राहिलं होतं. रविवारी विचारणार होतो.

चोवीस तारखेला, रविवारी, मी गाडी घेऊन तुझ्याकडे येतो. पोरगी शेजारी बसेल, दमलो की ती चालवेल. गाडी मला चालवायची होती ती कुठे न्यायला, ते आता कळलं. तू दारात उभा राहा.

तुझा,
भाऊजी


१५ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र शिंप्यानं आणून दिलं आणि मी दुकान बंद केलं. मशीनवाल्या बाईंना उद्या या म्हटलं. डोळे पुसत मोटारीत तार कशी भरणार?

तुम्ही विचारलंत, म्हणून आता लपवत नाही. मी पंखा बसवला तो बुधवार होता. तुम्ही कामावर होतात. ताईला मी म्हटलं, भाऊजींना सांग, किल्ली काढल्यावरही फिरेल, घाबरू नका म्हणावं. ती हसायला लागली. म्हणाली, "सांगू नकोस! बघू त्यांची कशी धांदल उडते. एक दिवाही लावू देत नाहीत ना, आता बसू देत पंख्याला थांब थांब म्हणत. रविवारी तू जेवायला आलास की आपण दोघं मिळून सांगू." मीही हसलो. तुम्ही पंख्यासमोर हात जोडून उभे आहात अशी नक्कल करून दाखवली तिनं. पोट धरून हसलो आम्ही ओसरीवर.

फ्यूज तुम्ही काढलात. पण तुम्हाला काढायला आम्ही लावला. हे मी कुणाला सांगितलं नाही. माझ्या वाट्याचं लपवायचं म्हणून नव्हे. ताईचं नाव यात यायला नको म्हणून. ती तर तुमची गंमत करत होती. तुमच्यावर तिचं इतकं प्रेम होतं की तुमची धांदलसुद्धा तिला बघायची असायची. रागावू नका हां तिच्यावर.

तिघांनीही रविवारची वाट बघितली, भाऊजी. दुसरं काही झालं नाही. वाईट मनात कुणाच्याच नव्हतं.

या. हळू चालवा. चढावर काटा बघा, अर्ध्याच्या वर गेला तर थांबा. दारात गाडी लावलीत की किल्ली काढून बसून राहा. पंखा थांबेपर्यंत आपण दोघं ऐकू. मला ऐकू येणार नाही, तुम्ही हातानं सांगा. थांबला की उतरा.

मी दारात आहे.

तुमचा,
वायरमन


२५ मार्च

मामा,

शिंपीकाकांनी माझा निरोप तुम्हाला लिहून दिला हे कळलं. तुम्ही लगेच बस पकडायला निघालात आणि चक्कर येऊन पडलात, तेही कळलं. आता झोपून राहा. इथे सगळं उरकलंय. घर पुसून झालं, माणसं गेली.

बाबा अठरा तारखेला सकाळी गेले. खुर्चीत, हातात पेन्सिल घेऊन. तुमचं पत्र एकोणीसला आलं. एक दिवस, मामा. मी पोस्टमनला दारात उभं ठेवून पाकिटाकडे बघत राहिले, त्याला वाटलं सही कुठे करायची ते मला कळत नाही.

मी ते उघडलं. वाचलं. मग बाबांच्या खुर्चीसमोर बसून मोठ्यानं वाचलं, मला दुसरं काही सुचलं नाही. आईच्या नकलेपर्यंत आले आणि पुढे वाचवेना. त्यांना ते कळायला हवं होतं. आई त्यांची नक्कल करून हसत होती हे कळलं असतं तर ते आधी चिडले असते, मग म्हणाले असते, "बघ, बघ तुझी आई!" मला ते ऐकायचं होतं. आता कधीच ऐकू येणार नाही.

पुडी मी दाखवली. तुमचं पत्र येईपर्यंत थांबले असते तर दाखवली नसती. मला तुम्हाला सोडवायचं होतं, मामा, आणि मी त्यांना बांधलं. तुम्ही म्हणाल नाही तसं. म्हणू नका. मला काही दिवस असंच वाटू दे.

पण एक सांगते. सोळा तारखेला आम्ही गाडी काढली होती. चोवीसची तालीम, असं म्हणाले. ते स्वतः चालवत होते. शाळेपर्यंत, तिथून पुलावर. पुलावर रांग होती. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. काटा मधोमध होता. पंखा सुरू झाला, आम्हाला दोघांना ऐकू आला. बाबांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि रडले, नऊ वर्षांचं. मागचे लोक हॉर्न देत होते. द्या म्हटलं.

घरी आलो. त्यांनी किल्ली काढली. पंखा फिरत राहिला. ते घड्याळ हातात धरून बसून राहिले. थांबला तेव्हा म्हणाले, "दोन मिनिटं पन्नास सेकंद. बरोबर लावलाय त्यानं."

ही गाडी घेऊन मी एकतीस तारखेला, रविवारी, तुमच्याकडे येते. तुम्ही दारात उभे राहू नका, चक्कर येईल. खुर्ची घेऊन बसा. तुम्ही म्हणालात तसंच करू, किल्ली काढून पंखा थांबेपर्यंत आत बसू. मी हातानं सांगेन.

काल निघायच्या तयारीनं बॉनेट उघडलं. फ्यूजच्या नव्या डबीवर चिठ्ठी चिकटवलेली आहे. पेन्सिलीनं, अक्षर थोडं हललंय. केव्हा लावली मला माहीत नाही. ती काढून पाठवणार होते, पण मग वाचलं आणि हात लावला नाही. उतरवून पाठवते:

"पंख्याचा फ्यूज. गाडी बंद केल्यावरही फिरतो, तसाच फिरायचा आहे. काढू नये. काही विचारायचं असल्यास रविवारची वाट पाहू नये, वायरमनला त्याच दिवशी विचारणे."

तुमची,
खारूताई